काखेतलं पाणी, हाताची सूज

पुणे-नाशिक रस्त्याने खेड मागे टाकून मंचरकडे निघालं की पेठ लागतं. आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावरचं हे गाव. पठाराची ओळख पावसाळी बटाट्याची. जूनमध्ये लागवड, गणपतीच्या आगेमागे काढणी. वाफ्यातून बटाटा वेचायचा, निवडायचा, पाट्या भरायच्या, गोणीत ओतायच्या. यातलं बरंचसं काम बायकांच्या हातून होतं. शिवाय सकाळ-संध्याकाळच्या धारा, शेणकूर, कांद्याची खुरपणी, भाकरी. अशा घरातल्या बाईच्या स्तनात गाठ सापडते, पुण्याला किंवा मुंबईला ऑपरेशन होतं, स्तनाबरोबर काखेतल्या गाठीही काढल्या जातात. घरी आल्यावर जो तो तिला बजावतो, "आता त्या हाताने काही म्हणजे काही करायचं नाही."

बोलणाऱ्याच्या मनात काळजीच असते. पण हा सल्ला पाळता येण्यासारखा नाही आणि तो बरोबरही नाही. पाळता येत नाही, कारण गोठ्यातली गाय ऑपरेशन झालं म्हणून थांबत नाही. बरोबर नाही, कारण गेल्या पंचवीस-तीस वर्षांतल्या संशोधनाने नेमकं उलटं दाखवून दिलं आहे. हात कायमचा गळ्यात अडकवून ठेवल्याने सूज टळत नाही. ती टाळायची तर हात योग्य वेळी, योग्य क्रमाने कामाला लावावा लागतो. हे 'योग्य वेळी' नेमकं कधी, ते मात्र बाईला कुणी नीट सांगत नाही. ऑपरेशन यशस्वी झालं, केमो झाली, रेडिएशनचे शेक झाले, आता हाताच्या सुजेचं काय एवढं, अशी एकूण समजूत असते.

आधी हे सुजेचं पाणी येतं कुठून ते पाहू. रक्त शरीरभर फिरताना केशवाहिन्यांतून त्यातलं थोडं पाणी आणि प्रथिनं पेशींच्या आजूबाजूला झिरपतात. त्यातला जो भाग रक्तात थेट परतत नाही, तो लसीकावाहिन्या नावाच्या अगदी बारीक नळ्या उचलतात. अशा रीतीने दिवसाकाठी दोन-तीन लिटर द्रव पुन्हा रक्तात आणून सोडला जातो. हाताकडून येणाऱ्या आणि स्तनातून निघणाऱ्या बहुतेक वाहिन्या काखेत जमा होतात. तिथे चरबीत दडलेल्या वीस-तीस, कधी त्याहून जास्त लसीका ग्रंथी असतात. दवाखान्यातल्या बोलण्यात त्याच 'काखेतल्या गाठी'. जंतू आणि कर्करोगाच्या पेशी तिथे अडतात. म्हणूनच स्तनाचा कर्करोग पसरू लागला की बहुधा पहिल्यांदा काखेत दिसतो आणि सर्जनला तिथे हात घालावा लागतो.

शेतातला मुख्य पाट बुजला तर पाणी शेजारच्या वाफ्यांत पसरतं आणि मिळेल त्या वाटेने पुढे सरकायला बघतं. काखेतल्या ग्रंथी काढल्यावर हाताचं तसंच होतं. काही बायकांच्या शरीरात नव्या वाटा पुरेशा तयार होतात, काहींच्या होत नाहीत.

इथे दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. ऑपरेशननंतर पहिल्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत जखमेखाली, काखेत किंवा छातीवर साचतं ते पाणी वेगळं. त्याला डॉक्टर सेरोमा म्हणतात. पुढे काही महिन्यांनी, कधी दोन-तीन वर्षांनी, हाताला चढते ती सूज वेगळी. तिला लिम्फेडिमा म्हणतात. पहिलं साधारणपणे येतं आणि जातं. दुसरी आली की मुक्काम ठोकायला बघते. दोन्हींवरचे उपाय निराळे आहेत.

सेरोमापासून सुरुवात करू. काखेतली चरबी आणि ग्रंथी काढल्यावर कातडीखाली एक पोकळी उरते. कापल्या गेलेल्या लसीकावाहिन्यांची तोंडं तिथे उघडतात आणि पाझर सुरू होतो. हा पाझर बाहेर काढण्यासाठी सर्जन काखेत एक नळी ठेवतात. नळीच्या दुसऱ्या टोकाला घड्यांची प्लॅस्टिकची डबी असते. डबी दाबून, हवा काढून बंद केली की ती फुलायला बघते आणि त्या ओढीने आतलं पाणी खेचते. हीच ती ड्रेनची डबी. बऱ्याच बायकांना ती लावूनच घरी सोडतात. मग पिशवीत डबी, पदराखाली नळी आणि शेजारी नवरा किंवा मुलगी, असा एसटीचा नाहीतर भाड्याच्या गाडीचा परतीचा प्रवास होतो.

पुढचे आठ-दहा दिवस ही डबी म्हणजे घरातलं मुख्य काम. रोज एकाच वेळी, समजा सकाळी सात वाजता, साबणाने हात धुऊन ती उघडायची, आतलं पाणी मापाच्या भांड्यात ओतून किती मिली भरलं ते पाहायचं, वहीत लिहायचं, डबी पुन्हा पूर्ण दाबून झाकण लावायचं. डबी फुगलेली राहिली तर ओढ संपली, म्हणजे पाणी आतच साचणार. डबी जखमेच्या खालच्या बाजूला हवी. झोपताना उशाशी ठेवायची नाही. नळी ओढली जाऊ नये म्हणून डबी पिनेने कपड्याला अडकवावी. पाण्याचा रंग सुरुवातीला लालसर, मग गुलाबी आणि शेवटी गवती पिवळा होत जातो. चोवीस तासांतलं पाणी साधारण तीस मिलीच्या खाली आलं, आणि बऱ्याच सर्जनांच्या मते सलग दोन दिवस तसं राहिलं, की नळी काढतात. आकडा सर्जनगणिक थोडा बदलतो, पण वही सगळ्यांनाच हवी असते. "थोडंसं येतंय" या उत्तरावर कुणालाच काही ठरवता येत नाही.

नळी काढल्यावरही काखेत किंवा छातीवर मऊ, डुचमळणारा फुगवटा येऊ शकतो. त्याने घाबरून जायचं कारण नाही. लहान फुगवटा शरीर आपणहून शोषून घेतं. मोठा असेल, कातडी ताणली जात असेल किंवा दुखत असेल तर सर्जन निर्जंतुक सुईने पाणी काढतात. काही जणींना हे दोन-तीनदा करावं लागतं. तिथल्या संवेदनेची नस ऑपरेशनमध्ये बऱ्याचदा दुखावलेली असते, म्हणून सुई फारशी जाणवतही नाही. मात्र हे काम दवाखान्यातलंच. गावात ओळखीच्या कुणाकडून सुई मारून घेणं, फुगवट्यावर गरम विटकरीचा शेक देणं, ताज्या जखमेवर हळदीचा लेप थापणं, यातून पाणी जात नाही आणि जंतू आत शिरतात. ताप आला, जागा लाल होऊन ठणकू लागली, पाण्याला वास येऊ लागला किंवा डबी एकाएकी लालभडक रक्ताने भरली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

सेरोमा कमी व्हावा म्हणून सर्जनच्या हातातही बरंच काही असतं. कातडी खालच्या स्नायूला आतून टाके घालून बसवली की पोकळीच उरत नाही आणि पाणी कमी साचतं, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. बाईच्या हातात असतो तो खांद्याचा व्यायाम, आणि त्यातली मुख्य गोष्ट म्हणजे वेळ. ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवसापासून हात डोक्यावर नेण्याची घाई केली तर पाझर वाढतो. पहिला आठवडाभर मूठ उघड-मीट करणं, मनगट फिरवणं, कोपर वाकवणं, केस विंचरणं, स्वतःच्या हाताने जेवणं एवढंच करावं आणि हात खांद्याच्या पातळीच्या वर नेऊ नये. त्यानंतर फिजिओथेरपिस्टच्या सांगण्याप्रमाणे बोटं भिंतीवर हळूहळू वर चढवत न्यायची. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'प्रॉस्पर' अभ्यासात सात ते दहा दिवसांनी शिस्तीत व्यायाम सुरू केलेल्या बायकांचा हात वर्षभरानंतर इतरांपेक्षा चांगला चालत होता, आणि त्या व्यायामामुळे हाताची सूज वाढली नाही. नळी आहे तोवर दमाने, पण नळी निघाल्यावर आळस नको. नाहीतर खांदा आखडतो, आणि काखेतून कोपरापर्यंत दोरीसारख्या ताठ शिरा जाणवायला लागतात. या दोऱ्याही व्यायामाने सुटतात, पण वेळ खातात.

आता हाताची सूज. ती कुणाला येणार हे आधी नक्की सांगता येत नाही, धोका कुणाला जास्त ते मात्र सांगता येतं. काखेतल्या सगळ्या ग्रंथी काढलेल्या, काखेवर किंवा गळ्याच्या हाडाच्या वर रेडिएशन दिलेलं, वजन जास्त आणि हाताला पूर्वी जंतुसंसर्ग झालेला असेल, तर धोका वाढतो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी जगभरचे अभ्यास एकत्र करून २०१३ मध्ये 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त मांडणी केली. काख पूर्ण साफ केलेल्या शंभरातल्या सुमारे वीस बायकांना सूज आली. पाण्याच्या वाटेवरच्या पहिल्या एक-दोन ग्रंथी काढून तपासल्या आणि बाकीच्या राखल्या, तिथे हे प्रमाण पाच-सहावर आलं. हाच फरक सगळ्यात मोठा आहे. सूज कमी करण्याचा सगळ्यात प्रभावी उपाय ऑपरेशनच्या टेबलावरच घडतो: गरज नसेल तर कमी कापायचं.

शतकापूर्वी असा विचार करायला कुणी धजावलं नसतं. अमेरिकेतल्या बाल्टिमोरचे सर्जन विल्यम हॅल्स्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी स्तन, त्याखालचे स्नायू आणि पूर्ण काख एकत्र काढण्याची पद्धत रूढ केली आणि पुढची कित्येक दशकं तीच चालली. हत्तीपायासारखा सुजलेला हात ही जगण्याची किंमत धरली जायची. १९९० च्या दशकात निळा रंग आणि किरणोत्सारी द्रव टोचून काखेतली पहिली ग्रंथी शोधण्याची पद्धत आली. ती ग्रंथी कर्करोगमुक्त असेल तर बाकीच्यांना हात लावायचा नाही. पुढे २०११ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीने आणखी एक पाऊल टाकलं. स्तन राखून ऑपरेशन आणि नंतर रेडिएशन घेतलेल्या बायकांत एक-दोन ग्रंथींत रोग असला, तरीही सरसकट पूर्ण काख काढायची गरज नाही, असं त्यातून दिसलं.

किरणोत्सारी द्रव आणि तो हुडकणारं गॅमा प्रोब नावाचं यंत्र ही महागडी सामग्री. छोट्या शहरातल्या रुग्णालयात ती असतेच असं नाही. या अडचणीवर मुंबईतच एक उत्तर सापडलं, आणि मराठी वाचकाला ते माहीत असायला हवं. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. वाणी परमार, डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी काखेतल्या खालच्या भागाची चरबी, तिथून जाणाऱ्या एका ठरावीक नसेपर्यंत, तिच्यातल्या ग्रंथींसह काढून तपासण्याची पद्धत पारखून पाहिली. यंत्र नको, किरणोत्सारी द्रव नको. शरीरातली नस हीच हद्दीची खूण. काखेत रोग आहे की नाही हे ओळखण्यात ही पद्धत यंत्राच्या पद्धतीइतकीच विश्वासार्ह ठरल्याचं त्यांनी २०१३ मध्ये मांडलं. रोजच्या रोज भरून वाहणाऱ्या आपल्याच रुग्णालयात, आपल्या खिशाला झेपेल असा विचार करून केलेलं हे काम आहे. त्याचा जितका गवगवा व्हायला हवा होता तितका झालेला नाही.

अर्थात काख राखायची तर रोग लवकर सापडायला हवा. गाठ मोठी झाली, काखेत हाताला लागू लागली, की पूर्ण सफाईला पर्याय बऱ्याचदा उरत नाही. इथेही उत्तर मुंबईचंच आहे. डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या पुढाकाराने टाटा मेमोरियलने १९९८ मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांत ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक बायकांचा अभ्यास सुरू केला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासायच्या. मॅमोग्राफी नाही, मशीन नाही. वीस वर्षांचे निष्कर्ष २०२१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आले. तपासणी झालेल्या बायकांत रोग आधीच्या टप्प्यावर सापडत होता आणि पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. भारतात २०२२ या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना हा रोग झाल्याचा जागतिक कर्करोग नोंदींचा अंदाज आहे. हाताने केलेली तपासणी पेठच्या बाईलाही मिळू शकते, आणि तिने वाचतो तो जीव आणि बऱ्याचदा हातही.

ऑपरेशन झालेल्या बाईला मात्र आजचा प्रश्न वेगळा असतो: बटाट्याची पाटी उचलू की नको?

१९९६ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला डॉ. डॉन मॅकेन्झी यांनी स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या २४ बायकांना लांबलचक ड्रॅगन बोट वल्हवायला बसवलं. वल्हवणं म्हणजे खांदा आणि दंड पिळून काढणारं काम. तेव्हाच्या समजुतीप्रमाणे त्यांचे हात टम्म फुगायला हवे होते. हळूहळू सराव वाढवत नेलेल्या त्या बायकांपैकी एकीलाही नवी सूज आली नाही. पुढे २००९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या डॉ. कॅथरिन श्मिट्झ यांनी आधीच हात सुजलेल्या १४१ बायकांवर अभ्यास केला. निम्म्या जणींना आठवड्यातून दोनदा वजनं उचलायला लावली. सुरुवात अगदी हलक्या वजनापासून, हाताला दाबाची बाही घालून, देखरेखीखाली. वर्षाअखेर त्यांच्यात सूज भडकण्याचं प्रमाण १४ टक्के होतं, वजन न उचलणाऱ्यांत २९ टक्के. स्नायू आकसतो आणि सैल होतो तेव्हा लसीकावाहिन्या दाबल्या जातात आणि पाणी पुढे ढकललं जातं. हृदयासारखा त्यांना मोठा पंप नाही, स्नायूची हालचाल हाच मोठा आधार.

म्हणजे पाटी उचलायची, पण पहिल्याच दिवशी भरलेली नाही. सर्जनने परवानगी दिल्यावर आधी हलकी कामं, मग अर्धी पाटी, आठवड्यागणिक थोडी थोडी वाढ, मध्ये विश्रांती. हात जड वाटला किंवा ठणकला तर दोन दिवस मागे यायचं. सबंध सुगीचं काम एका दमात अंगावर घेतलं तर हात कुरकुरणारच. घरच्यांनी त्या बाईची कामं काढून घेण्यापेक्षा ती वाटून घ्यावीत. जड गोण्या नवऱ्याने उचलाव्यात आणि धारा काढताना हात आलटून-पालटून वापरावेत, एवढं तरी जमण्यासारखं आहे.

हाताला जंतुसंसर्ग होऊ न देणं हे मात्र काटेकोर पाळायचं. सूज सुरू व्हायला किंवा भडकायला बऱ्याचदा एक काटा पुरतो. खुरपताना, काटेरी कुंपण लावताना हातमोजे घालावेत. भेगा पडू नयेत म्हणून रात्री खोबरेल लावावं. कापलं, भाजलं तर लगेच साबण-पाण्याने धुऊन मलम लावावं.

सुई आणि ब्लड प्रेशरच्या पट्ट्याबद्दलची भीती मात्र गरजेपेक्षा मोठी आहे. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयाने २०१६ मध्ये ६३२ बायकांच्या हातांची वर्षानुवर्षं घेतलेली मापं तपासली. त्या हातातून रक्त घेणं, इंजेक्शन, बीपी मोजणं आणि विमानप्रवास यांचा सुजेशी ठळक संबंध आढळला नाही. वाढलेलं वजन, काखेची पूर्ण सफाई आणि जंतुसंसर्ग यांचा आढळला. दुसरा हात मोकळा असेल तर तोच पुढे करावा, पण अडचणीच्या वेळी या हातातून सलाईन द्यावी लागली म्हणून झोप उडवून घेऊ नये.

सूज आलीच, तर लवकर ओळखण्यावर सगळं अवलंबून आहे. बांगडी चढेना, ब्लाउजची बाही दंडात रुतायला लागली, संध्याकाळी हात जड वाटू लागला, या पहिल्या खुणा. या टप्प्यावर हात उंचावर ठेवला तर सूज ओसरते. दुर्लक्ष केलं तर साचलेल्या प्रथिनयुक्त पाण्यामुळे कातडीखाली चरबी आणि तंतू वाढत जातात, हात घट्ट होतो आणि मग नुसत्या पट्टीने तो पूर्ववत होत नाही.

उपचार चार बाजूंनी होतात. कातडीची निगा, हलक्या हाताने पाणी सरकवण्याची खास मालिश, कमी ताणाच्या पट्ट्यांचं थरावर थर बांधणं, आणि पट्ट्या बांधलेल्या असताना व्यायाम. हात उतरला की मापाची दाबाची बाही दिवसभर वापरायची, रात्री काढायची. बाही सैल पडत जाते, म्हणून साधारण सहा महिन्यांनी बदलावी लागते. मालिशीबद्दल एक इशारा. गरम तेलाने रगडून केलेली मालिश इथे घातक ठरते. पाणी सरकवण्याच्या मालिशीत कातडी जेमतेम ताणली जाते आणि सुरुवात हातापासून नव्हे, मान आणि छातीपासून होते, म्हणजे पुढची वाट आधी मोकळी होते. मेडिकलमधून साधी क्रेप पट्टी आणून घरी आवळून बांधणंही धोक्याचं, कारण बोटांकडे सैल आणि दंडाकडे घट्ट बांधली गेली की पाणी खालीच कोंडतं. बांधणं फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावं; घरातली एक मुलगी किंवा सून सोबत शिकली तर फार सोपं जातं. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या यावर उपाय नाहीत, कारण त्या पाणी खेचतात आणि प्रथिनं जागेवरच राहतात. पाणी कमी पिऊनही काही साधत नाही.

कर्करोगाच्या बऱ्याच शस्त्रक्रिया महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत बसतात, आणि योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र भेटतो. त्याला विचारताना ऑपरेशनपुरतं विचारून थांबू नये. नंतरची फिजिओथेरपी कुठे मिळेल, बाहीचं काय, हेही विचारावं. सर्जनलाही आधीच विचारावं: काख पूर्ण काढावी लागणार की थोड्या ग्रंथी तपासून भागेल? हा प्रश्न विचारणं म्हणजे उद्धटपणा नाही. चांगला सर्जन त्याचं नीट उत्तर देतो.

आणि ऑपरेशनच्या आधी एक काम करा. शिवणकामाची टेप घेऊन दोन्ही हात मोजा: मनगट, कोपराच्या खाली आणि वर दहा-दहा सेंटिमीटर, असे तीन आकडे, तारखेसह फाइलवर लिहून ठेवा. नंतर दोन वर्षं दर दोन-तीन महिन्यांनी त्याच जागी पुन्हा मोजा. ऑपरेशनच्या बाजूचा हात आधीच्या मापापेक्षा दोन सेंटिमीटरने वाढलेला दिसला तर बांगडी अडकेपर्यंत थांबू नका, फाइल घेऊन दाखवायला जा. आणि हात लाल, गरम होऊन ताप चढला, तर रात्र काढू नका; मंचरचं उपजिल्हा रुग्णालय जवळ आहे, अँटिबायोटिक त्याच दिवशी सुरू व्हायला हवं.